विवाहपूर्व संयम : संस्कार, सक्ती आणि मुलीचा निर्णय
(अहमदनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

गोषवारा

मुलीने विवाहापूर्वी शरीरसंबंधापासून दूर राहावे ही अपेक्षा मराठी समाजात इतकी स्वाभाविक मानली जाते की, तिलाही इतिहास आहे याचे भान सहसा राहत नाही. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंतच्या काळात या अपेक्षेचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. बालविवाहाच्या काळात 'विवाहपूर्व संयम' हा मुलीच्या निर्णयाचा विषयच नव्हता. कायदा व शिक्षण यांमुळे विवाहाचे वय वाढले तेव्हा तो विषय झाला. मात्र निर्णयासाठी आवश्यक असलेला काळ मुलीला मिळाला, त्या प्रमाणात ज्ञान व अधिकार मिळाले नाहीत, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कौमार्य, संमतिवय, बालविवाह, स्त्रीशिक्षण, जातिप्रतिष्ठा, निर्णयस्वातंत्र्य.

प्रस्तावना

स्त्रीच्या इतिहासाचा विचार करताना शिक्षण, विधवाविवाह, सती, केशवपन या प्रश्नांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. विवाहित स्त्री आणि विधवा या दोन अवस्थांकडे सुधारकांचे आणि इतिहासकारांचे लक्ष गेले. या दोहोंच्या आधीची अवस्था, म्हणजे वयात आलेली परंतु अविवाहित मुलगी, मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली. त्याचे एक कारण असे की, ही अवस्थाच सामाजिकदृष्ट्या नवी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उच्चवर्णीय मराठी कुटुंबांत अशी मुलगी घरात असणे हे संकट मानले जाई. आज प्रत्येक घरात, प्रत्येक वर्गात आणि महाविद्यालयाच्या प्रत्येक बाकावर ती आहे. तिच्या वर्तनाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. तिचा स्वतःचा विचार काय, हे विचारणारे थोडे.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या अभ्यासासाठी अनेक अर्थांनी उपयुक्त ठरतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा मुलींच्या आधुनिक शिक्षणाच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक आहे. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात येथे झाली, ग्रामीण आरोग्याचा जगन्मान्य प्रयोग येथे उभा राहिला आणि जातिप्रतिष्ठेच्या नावाखाली घडलेल्या भीषण हत्याही येथेच झाल्या. परंपरा व आधुनिकता यांचा संघर्ष मुलीच्या देहाभोवती कसा केंद्रित होतो, हे पाहण्यास असा प्रदेश साहाय्यभूत होतो.

अभ्यासाची दृष्टी व पद्धती

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, न्यायालयीन निर्णय, चरित्रात्मक व सामाजिक साहित्य आणि संस्थांचे कार्य यांच्या आधारे विवेचन केले आहे. 'संयम' आणि 'बंधन' या दोन संज्ञा येथे वेगळ्या अर्थाने वापरल्या आहेत. व्यक्तीने समजून-उमजून स्वतःवर घातलेली मर्यादा म्हणजे संयम. इतरांनी तिच्यावर लादलेली मर्यादा म्हणजे बंधन. एखाद्या वर्तनाला संयम म्हणता येण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, निर्णय घेता येईल असा आयुष्यातील काळ. दुसरी, निर्णयासाठी लागणारे ज्ञान. आणि तिसरी, होकार किंवा नकार दिल्यास तो ऐकला जाईल याची शाश्वती. या तीन निकषांवर पुढील विवेचन बेतले आहे.

'कन्या' ते 'वधू' : मोकळा काळ नसलेले आयुष्य

धर्मशास्त्रात मुलीच्या वयानुसार तिला गौरी, रोहिणी, कन्या अशा संज्ञा दिल्या आहेत. आठ, नऊ व दहा ही ती वर्षे होत. त्यापुढे ती 'रजस्वला' गणली जाई आणि ऋतुप्राप्तीपूर्वी तिचे दान न करणाऱ्या पित्याला दोषी ठरवले जाई. विवाह हा 'कन्यादान' असल्याने दाता आणि ग्रहीता यांच्या इच्छेला स्थान होते. दान होणाऱ्या कन्येच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. ही चाल केवळ ब्राह्मणांपुरती मर्यादित नव्हती. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचा विवाहही बालवयातच झाला. लक्ष्मीबाई टिळकांचा विवाह अकराव्या वर्षी, तर आनंदीबाई जोशी यांचा नवव्या वर्षी झाला होता.

या व्यवस्थेत कौमार्याचे रक्षण हे मुलीचे कर्तव्य नव्हते, ते पित्याचे कर्तव्य होते आणि त्याचा उपाय म्हणजे लवकर लग्न. मुलीला पहिली ऋतुप्राप्ती झाली की 'न्हाण आले' म्हणून तिला मखरात बसवीत, सुवासिनी जमत, गाणी होत आणि पुढे गर्भाधान संस्कार होई. हा सोहळा उघड्यावर करता येत होता, कारण मुलगी आधीच विवाहित असे. पुढे विवाहाचे वय वाढले आणि ऋतुप्राप्ती माहेरी होऊ लागली, तेव्हा हीच घटना लपवण्याची बाब झाली. एकाच शारीरिक घटनेचा अर्थ अभिमानाकडून संकोचाकडे सरकला. अविवाहित मुलीच्या देहाभोवतीचे मौन हे प्राचीन परंपरेपेक्षा या स्थित्यंतराचे अपत्य आहे, ही बाब लक्षणीय होय.

ब्राह्मणेतर जातींत विधवा व परित्यक्ता यांच्यासाठी पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल होती. परंतु 'लग्न' आणि 'पाट' यांत प्रतिष्ठेचा भेद होता. पूर्ण विधींचे लग्न कुमारिकेचेच होई. पाट थोडक्या विधीत आणि बहुधा रात्री लागे. म्हणजे पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या जातींतही कौमार्याला स्वतंत्र मूल्य होतेच.

मिशन, शाळा आणि नवे अंतर

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्य सुरू केले. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेने १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये या शाळा पाहिल्या आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन प्रशिक्षणाचा संबंधही फरारबाईंच्या नगर येथील शाळेशी जोडला जातो.

शाळेचा परिणाम केवळ अक्षरओळखीपुरता नव्हता. आजवर ऋतुप्राप्ती आणि सासर यांत अंतर नव्हते. शाळेने ते निर्माण करण्यास आरंभ केला. मुलगी शिकत आहे हे तिचे लग्न थांबवण्याचे सांगण्याजोगे पहिले कारण ठरले. लग्न न करता परक्या देशात सन्मानाने काम करणारी स्त्री नगरच्या लोकांना फरारबाईंच्या रूपाने दिसली, हेही महत्त्वाचे. नगर येथे १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला. शाळेतील मुलगी समाजाला जाब विचारू शकते, हे त्यातून प्रथमच दिसले.

तथापि मिशनची नीतीही सैल नव्हती. वसतिगृहातील मुलींवर कडक देखरेख असे आणि पावित्र्य हे ख्रिस्ती स्त्रीचे भूषण मानले जाई. भारतीय ख्रिस्ती विवाहासाठी १८७२ च्या कायद्याने वधूचे वय तेरा वर्षांहून अधिक असावे अशी अट घातली. म्हणजे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतही मुलीचे वय थोडेच वाढले; पण पावित्र्याची जबाबदारी पित्याकडून मुलीच्या स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीकडे सरकू लागली. हा बदल सूक्ष्म असला तरी दूरगामी होता.

याच काळात फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. नीतिभंगाची शिक्षा स्त्री एकटी भोगते आणि पुरुष नामानिराळा राहतो, या वास्तवाला दिलेले ते कृतीचे उत्तर होते. सत्यशोधक समाजाच्या विवाहविधीत वधूवरांनी परस्परांस वचन देण्याची पद्धत आली आणि 'दान' होणारी कन्या बोलू लागली. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलने'त नीतीच्या या दुहेरी मापावर घणाघाती टीका केली.

संमतिवयाचा वाद आणि नकाराचा प्रश्न

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत संमतिवय दहा वर्षे होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व लादलेले वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला उभा राहिला. बालपणी झालेल्या विवाहातील पतीकडे नांदावयास जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या.

रखमाबाईंचा प्रश्न विवाहपूर्व संबंधांचा नव्हता. तरी प्रस्तुत विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. स्वतःच्या देहाविषयी 'नाही' म्हणण्याचा अधिकार स्त्रीला आहे काय, हाच त्याचा गाभा होता. विवाहापूर्वीच्या नकाराची थोरवी गाणाऱ्या समाजाने विवाहानंतरचा नकार गुन्हा ठरवला. तेव्हा समाजाला संयम प्रिय नव्हता. त्याला ताबा प्रिय होता, असा निष्कर्ष अपरिहार्य ठरतो.

१८९० मध्ये कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने हा प्रश्न तीव्र झाला आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय बारा झाले. गोपाळ गणेश आगरकर, न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांनी कायद्यास पाठिंबा दिला, तर लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ झाला, सभा झाल्या, पण ज्यांच्या देहाविषयी वाद चालला होता त्या मुलींची साक्ष कोणत्याही सभेत निर्णायक ठरली नाही. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय चौदा, १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा केले. कायद्याने मोकळा काळ क्रमाक्रमाने वाढवला, हे यावरून स्पष्ट होते.

लांबलेले कौमार्य : हिंगणे ते 'कळ्यांचे निःश्वास'

वाढलेल्या या काळात मुलीने काय करावे? सुधारकांचे उत्तर होते : शिक्षण आणि ब्रह्मचर्य. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या आश्रमानंतर १९०७ मध्ये महिला विद्यालय काढले, ते प्रामुख्याने अविवाहित मुलींचे विवाह लांबावेत व त्यांना शिक्षण मिळावे म्हणून. पुरुष विद्यार्थ्याच्या ब्रह्मचर्याश्रमाची जुनी कल्पना येथे मुलीला लागू झाली. अविवाहित असणे हा दोष न राहता ती विद्यार्जनाची अवस्था ठरली. मात्र या मान्यतेची किंमत म्हणजे निष्कलंक वर्तन. एखाद्या विद्यार्थिनीच्या वर्तनाविषयी कुजबुज झाली तरी संस्था आणि स्त्रीशिक्षणाची चळवळ दोन्ही अडचणीत येतील, अशी धास्ती असे. शिकणाऱ्या मुलीच्या खांद्यावर कुळाबरोबर चळवळीच्याही अब्रूचे ओझे आले.

या आदर्शाखाली दडलेल्या घुसमटीला १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने वाचा फोडली. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने तो प्रसिद्ध झाला. लेखिका मालतीबाई बेडेकर या नगर जिल्ह्याच्या सीमेवरील घोडनदी परिसरातील. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्याही काही भावना असतात, एवढेच सांगितल्याबद्दल मोठी खळबळ उडाली आणि लेखिकेची ओळख उघड होणे धोक्याचे ठरले. त्याच काळात महर्षींचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' (१९२७ ते १९५३) या मासिकातून लैंगिक ज्ञान मराठीत आणत होते. नीतीचा आधार भय नसून आरोग्य व समता असावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पित्याने मुलींना काळ मिळवून दिला आणि पुत्राने ज्ञान देऊ केले. समाजाने पित्याला 'भारतरत्न' म्हणून गौरवले आणि पुत्राला न्यायालयात उभे केले. काळ द्यावा, ज्ञान देऊ नये, या मराठी समाजाच्या धोरणाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एकाच गावातील दोन नीती

कौमार्याचे बंधन सर्व स्त्रियांना सारखे नव्हते. खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेल्या मुली, देवदासी आणि कोल्हाटी समाजातील नाचणाऱ्या स्त्रिया यांना विवाहाचा मार्गच बंद होता. त्यांच्या बाबतीत वयात येण्याचा अर्थ गावच्या धनिकांना उपलब्ध होणे असा लावला जाई. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंनी तमाशाच्या फडात स्त्री कलावंत म्हणून अपूर्व कीर्ती मिळवली. जामखेड, संगमनेर ही नावे आजही लोककलेशी जोडलेली आहेत. परंतु कलेला दाद देणारा पुरुष स्वतःच्या घरातील मुलीला तमाशाच्या वाऱ्यासही उभे करीत नसे. काही स्त्रियांच्या 'पावित्र्या'ची भिंत इतर स्त्रियांच्या उपलब्धतेवर उभी होती. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला मुली वाहण्यास बंदी केली. पण या दुहेरी नीतीला कायदा पुरेसा पडला नाही.

घरातील मुलीला संस्कार मिळत ते उपदेशापेक्षा रोजच्या व्यवहारातून. हेमा राईरकर व गी प्वाटव्हाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या जात्यावरील ओव्यांचे भांडार एक लाखाहून अधिक आहे. वाढत्या वयाच्या लेकीने खाली मान घालून चालावे, बापाच्या नावाला बोल लागू देऊ नये, अशी आईची काळजी त्यांत वारंवार येते. या ओव्यांत केवळ धाक नाही. आपण भोगले ते लेकीने भोगू नये, ही माया त्यात आहे. बंधन हे बहुधा मायेच्या भाषेतून येते आणि म्हणूनच मुलीला ते झुगारणे कठीण जाते.

शाळा, एस.टी. आणि कोयता

स्वातंत्र्योत्तर काळात नगर जिल्ह्याचे चित्र झपाट्याने पालटले. प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. रयत शिक्षण संस्था व अन्य संस्थांच्या शाळा तालुक्या-तालुक्यांत पोहोचल्या. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास देणाऱ्या राज्य शासनाच्या योजनेस अहिल्याबाईंचेच नाव आहे. आठव्या वर्षाच्या आसपास सासरी गेलेल्या राणीच्या नावाचा पास घेऊन पंधरा-सोळा वर्षांची अविवाहित मुलगी दुसऱ्या गावी शिकावयास जाते, हा इतिहासाचा मोठा प्रवास होय.

परंतु हाच प्रवास चिंतेचे कारणही झाला. गावातील शाळा सातवी-आठवीपर्यंत असते, पुढे एस.टी. थांबा, बाजारपेठ, मोबाईल फोन आणि मुले-मुली एकत्र असलेला वर्ग येतो. 'काही बरेवाईट झाले तर?' या प्रश्नाने अनेकींचे शिक्षण थांबते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता' धरला जातो. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, आणि फडावर नेले तर उघड्या खोपटात तिची राखण कशी करावी, असा पेच आईबापांपुढे असतो. लग्न लावून दिले की जबाबदारी संपते आणि नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. यामागे गरिबी आहे, हुंडा आहे. पण कौमार्याविषयीची भीतीही आहे. मुलीच्या संयमावर विश्वास नसलेला किंवा भोवतालच्या पुरुषांच्या संयमावर विश्वास नसलेला समाज तिचे बालपणच आखूड करतो.

आरोग्याची भाषा

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर व उपेक्षित जातींतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून त्यांनी तयार केले. पाळी, गर्भधारणा, कुटुंबनियोजन हे विषय देवघर आणि न्हाणीघर यांच्या मौनातून गावच्या बैठकीत आले. देहाचे ज्ञान मिळाल्याने मुली बिघडतात, हा समज या अनुभवाने खोटा ठरवला.

१९९० नंतर एच.आय.व्ही.च्या साथीमुळे संयमाला आरोग्याची नवी भाषा मिळाली. हिवरे बाजार या आदर्श गावाने विवाहापूर्वी वधूवरांची एच.आय.व्ही. तपासणी आवश्यक केली. येथे एक गोष्ट विशेष आहे : तपासणी दोघांची होते. शतकानुशतके फक्त मुलीकडे मागितलेला शुद्धतेचा दाखला गावाने प्रथमच मुलाकडेही मागितला. सक्तीच्या तपासणीविषयी मतभेद संभवतात. परंतु प्रश्न दोघांना सारखा विचारला गेला, हे नाकारता येत नाही.

याउलट २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाविरुद्ध विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला. 'समाजस्वास्थ्या'च्या खटल्यांनंतर सात दशकांनीही ज्ञानाविषयीची भीती कायम होती. याच सुमारास, २००६-०७ मध्ये, महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या युवक अभ्यासात सुमारे १५ टक्के तरुणांनी व ४ टक्के तरुणींनी विवाहपूर्व शरीरसंबंध आल्याचे सांगितले. मुली अशी माहिती देण्यास कचरतात, हे गृहीत धरूनही बहुसंख्य मुली संयम पाळतात असेच यातून दिसते. तेव्हा प्रश्न असा उरतो की, हा संयम समजुतीचा की भीतीचा?

कायदा, प्रतिष्ठा आणि हिंसा

कायद्याच्या दृष्टीने प्रौढ स्त्रीचा निर्णय आता तिचा आहे. खुशबू विरुद्ध कन्नीअम्माल या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे विवाहबाह्य सहजीवन हा गुन्हा नाही, असे स्पष्ट केले. २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही गर्भपाताच्या कायद्याचा समान लाभ मिळावा, असा निर्णय झाला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतिवय अठरा केले. या कायद्याने बालकांना मोठे संरक्षण दिले. मात्र सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमसंबंधात तिच्याच घरच्यांकडून तो वापरला जातो, याविषयी न्यायालयांनी चिंता व्यक्त केली आहे. विधी आयोगाने २०२३ मध्ये संमतिवय कमी न करण्याची शिफारस केली. १८९१ चा वाद वेगळ्या रूपात अद्याप चालू आहे.

गावाचा कायदा मात्र वेगळा आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाला ठार मारण्यात आले. सोनई प्रकरणात २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना मृत्युदंड सुनावला, तर खर्डा प्रकरणातील आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. या दोन्ही घटनांच्या वृत्तांतात मारलेल्या मुलांची नावे आहेत, आरोपींची आहेत, नेत्यांची आहेत. ज्या मुलींच्या 'अब्रू'साठी रक्त सांडले, त्यांचे मत कोणी नोंदवलेले दिसत नाही. जातीच्या सीमा स्त्रीच्या देहावर आखलेल्या असतात हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या जातिविषयक निबंधातच दाखवले होते. त्या सीमांची राखण म्हणजे कौमार्य, असा अर्थ झाला की संयमाचा नीतीशी संबंध संपतो.

दुसऱ्या टोकाला, नगर येथे १९८९ मध्ये सुरू झालेली स्नेहालय संस्था 'स्नेहांकुर' या केंद्राद्वारे कुमारी माता व त्यांच्या बाळांना आधार देते. १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची गरज आजही संपलेली नाही, हे त्यातून कळते.

आशियाई संदर्भ

हा अनुभव केवळ मराठी नाही. थायलंडमध्ये मुलींना 'राक नुआन सङुआन तुआ', म्हणजे स्वतःच्या देहाची जपणूक करावी, असा संस्कार दिला जातो. उत्तर थायलंडच्या परंपरेत विवाहापूर्वीच्या स्पर्शाने मातृकुलाचे पूर्वज-आत्मे कोपतात व त्यासाठी मुलाच्या बाजूने भरपाई द्यावी लागते, अशी समजूत आहे. तेथेही मुलींवरील बंधन मुलांच्या तुलनेत कठोर आहे. परंतु दोष मुलाकडूनही भरून घेण्याची सोय त्या जुन्या चालीत आहे, आणि अपमान जातीचा नसून घरच्या पूर्वजांचा मानला जातो. मराठी समाजात अपमान जातीचा झाल्याने भरपाईच्या जागी सूड आला. संयमाचा संस्कार आशियात सर्वत्र आढळतो; त्याला हिंसेची धार येते ती विशिष्ट समाजरचनेमुळे, हे या तुलनेतून लक्षात येते.

निष्कर्ष

१. 'विवाहपूर्व संयम' हा मुलीच्या निर्णयाचा विषय म्हणून आधुनिक आहे. बालविवाहाच्या काळात त्यासाठी आवश्यक असलेला आयुष्यातील काळच उपलब्ध नव्हता.

२. हा काळ १८९१, १९२९, १९४९ व १९७८ च्या कायद्यांनी आणि स्त्रीशिक्षणाने निर्माण केला. नगर जिल्ह्यातील मिशनच्या शाळांचा यातील वाटा मोलाचा आहे.

३. काळ वाढला तरी ज्ञान रोखून धरले गेले. 'समाजस्वास्थ्या'वरील खटल्यांपासून २००७ च्या निर्णयापर्यंत ही भूमिका सातत्याने दिसते. जामखेडचा अनुभव मात्र ज्ञान आणि मर्यादा एकत्र नांदू शकतात, हे सिद्ध करतो.

४. मुलीचा होकार व नकार ऐकला जाण्याची शाश्वती सर्वांत कमी मिळाली. रखमाबाईंच्या खटल्यापासून सोनई-खर्ड्यापर्यंत निर्णय इतरांनी घेतले.

५. संयमाची अपेक्षा मुलगा व मुलगी या दोघांकडून सारखी ठेवली गेली तरच तिला नीती म्हणता येईल. एकीकडूनच मागितलेला संयम ही केवळ राखण ठरते.

ज्या मुलीला देहाचे ज्ञान आहे, जिच्या शिक्षणाची वाट लग्नाने अडवली जाणार नाही आणि जिच्या शब्दाला घरात वजन आहे, ती विवाहापूर्वी संयम पाळील की नाही हे तिने ठरवावे. ती तो पाळील तर तो तिचा असेल. महाविद्यालयीन शिक्षकांपुढे अशाच मुली रोज बसतात. त्यांना उपदेश करण्याआधी पुरेशी माहिती देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, एवढे तरी शिक्षणसंस्थांच्या हाती आहे. फरारबाई आणि सावित्रीबाई यांच्या नगरात ही अपेक्षा अवास्तव मानता येणार नाही.